बारा सर्व्हर आणि बदलायची राहिलेली यादी

रेडमंड (अमेरिका), मंगळवार
(ईमेलने; पावसाचं विचारू नका)

आदरणीय ईश्वरकाका,

सप्रेम जय भीम. तुमचा गुडघा काय म्हणतो? रमाकाकूंची शुगर? मी बरी आहे, म्हणजे उभी आहे.

परवा फोनवर तुम्ही "आवाज असा का गं?" म्हणालात, तेव्हा मी नेटवर्कवर ढकललं. खरं सांगते. आमची कंपनी दातांच्या दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट सांभाळते, त्यासाठी बारा डेटाबेस सर्व्हर आहेत. एकेकात शिरून काम करायचं तर दिवस जातो, म्हणून कमांड एकदाच लिहायची आणि इथूनच सगळीकडे चालवायची. कुठे कुठे चालवायची ती यादी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या लक्षात, ठेवलेली असते. (दूधवाल्याला एकदा 'रोज दोन लिटर' सांगितलं, की आपण गावाला गेलो तरी तो पिशव्या टाकत राहतो, तसं. नवीन सांगेपर्यंत जुनंच खरं.)

गेल्या आठवड्यात सोमवारी सकाळी डिस्कमध्ये जागा किती उरली ते बघायला मी यादीत बाराही सर्व्हर घातले. मग दोन मीटिंगा झाल्या (दुसरी, मीटिंगा कमी कशा कराव्यात यावर). परत आल्यावर चाचणीचा एकच सर्व्हर बंद करायचा होता. यादी बदलायची राहिली आणि मी एंटर दाबलं. स्क्रीनवर एक ओळ यायची, त्या बारा आल्या. प्रत्येक जण 'बंद झालो' म्हणून अदबीने कळवत होता.

चाळीस मिनिटं तीन राज्यांतल्या दवाखान्यांना समोर आ करून बसलेला माणूस कशासाठी आलाय ते कळेना.

माझी मॅनेजर सीमा (रागावली की हिचा आवाज खाली जातो) हळूच म्हणाली, "नकुल, काल स्क्रिप्ट तू चेंज केली होतीस ना?" नकुल माझ्या टीममधला, कमांड लिहिलेली ती फाइल, म्हणजे स्क्रिप्ट, तोही हाताळतो. त्याला दोन मुलं, व्हिसा याच नोकरीवर टांगलेला. बिचारा न केलेल्या चुकीबद्दल सॉरी म्हणायला लागला. व्हिसा माझाही तसाच टांगलेला आहे, काका. तीन-चार सेकंद मी खरंच गप्प बसले, त्याची लाज अजून गेली नाही. मग म्हटलं, "त्याने नाही, मी केलं. यादी माझी होती."

सीमा म्हणाली, "बरं. आधी सगळे चालू कर." मी एकेक सर्व्हरचं नाव मोठ्याने वाचायची, नकुल शेजारी बसून 'हो' म्हणायचा, मग एंटर. नोकरी राहिली. झोप तेवढी गेली.

तुमची,
जागृती

ता. क. आईला 'एका वेळी बारा सर्व्हर हाताळले' एवढंच सांगितलंय. ते खोटं नाही.

ता. क. २. पत्राचं खरं कारण. वीज मंडळात असताना तुम्ही भलतीच लाइन बंद करून आमदारांच्या घरचं लग्न अंधारात जेवायला लावलं होतंत, असं काकू सांगतात. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कोणत्या तोंडाने शिरलात? परवा मला कंपनीतल्या साठ जणांसमोर उभं राहून माझी चूक समजावून सांगायची आहे. उद्याच कळवा, सविस्तर.