सतराव्या होलचा पाच

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

अकरावा. आमच्या गोल्फच्या हंगामी यादीतले पहिले दहा वरच्या टूरला जातात — मी अकरावा, एका फटक्याने. तोही मी न मारलेला!

१७ नोव्हेंबर

जामनेरला पोचलो. घराला कुलूप. नाजमीन लेकीच्या बाळंतपणासाठी धुळ्याला, महिनाभर तरी येत नाही. फोनवर म्हणाली, "जाऊ द्या. पुढच्या वर्षी बघू." सेहेचाळिसाव्या वर्षी पुढचं वर्ष! चहा टाकला तर सवयीने दोघांचा टाकला.

१९ नोव्हेंबर

शेजारच्या भिकनने शेतात भरताची पार्टी ठेवली. त्याला वाटलं मी जिंकून आलोय. खरं कळल्यावर म्हणाला, "उमरभाऊ, हाऊ कसा खेय शे?"

हा कसला खेळ ते समजावलं — ज्याचे फटके कमी तो पुढे, पण आमच्यात आपला आकडा आपण लिहीत नाही, सोबतचा खेळाडू लिहितो. शेवटी आपण कार्ड तपासून सही करायची. सतराव्या होलला मला चार फटके लागले, दीपकने चुकून पाच लिहिले. जास्तीच्या आकड्यावर सही झाली, की तोच कायम.

सही करताना बघितलं नाही का, असं त्याने विचारलंच. चष्मा पिशवीत राहिला होता, म्हटलं. सगळ्यांना हेच सांगितलंय. भरीत चांगलं झालं होतं.

२२ नोव्हेंबर

दीपकचा फोन. धुळ्याचा पोरगा, दहा वर्षं माझ्यासोबत खेळतोय. टूरवर खानदेशचे आम्ही दोघंच. आमची अहिराणी सुरू झाली की बाकीचे हसतात.

रडत होता. "भाऊ, मी चुकनू. मनामुये तुमनं गयं."

मी म्हटलं, होतं असं. एवढंच म्हटलं.

२३ नोव्हेंबर

खालच्या टूरवर सगळ्यात जास्त स्पर्धा जिंकलेला माणूस मी. नऊ! इतकं जिंकून हा अजून खालीच का, हे कुणी विचारत नाही.

दोनदा वर जाऊन आलोय. दोन्ही वर्षी एकाही स्पर्धेत दुसऱ्या दिवसापुढे टिकलो नाही. जेवायला एकटाच बसायचो. एकाने तर मला कॅडी समजून स्वतःची पिशवी हातात दिली. खाली मी आलो की पोरं उठून खुर्ची देतात, भाऊ भाऊ करतात. पुन्हा वर जायचं म्हटलं की ती पिशवी आठवते, नकोच वाटतं.

२५ नोव्हेंबर

पहूर रस्त्याच्या पडीक रानात पन्नास चेंडू मारले. मग पन्नास चेंडू वेचून आणले.

२८ नोव्हेंबर

नाजमीनचा फोन. दीपक तिला बाजारात भेटला. त्याने खेळ सोडला, भावाच्या दुकानात बसतो. म्हणाला, ज्याला दुसऱ्याचा आकडा धड लिहिता येत नाही त्याने खेळू नये.

"तुम्ही त्याला काही बोललात का?" तिने विचारलं.

नाही. मी काहीच बोललो नाही. तेच तर.

२९ नोव्हेंबर

धुळ्याच्या एसटीत बसलोय. दीपकसमोर तोंड उघडेल याचा भरवसा नाही, म्हणून आधी इथे लिहून बघतो.

चष्मा डोळ्यावर होता. पाच मला दिसला. मी सही केली.