डावी अक्कलदाढ आणि बाबांचं क्लॅरिनेट

३ जून

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

पाच आठवड्यांपूर्वी खालच्या दोन्ही अक्कलदाढा काढल्या. उजवीकडची जखम शहाण्यासारखी भरली, डावी मात्र हट्टाला पेटलीय. गोळ्या चालू असेपर्यंत गप्प. गोळ्या संपून चार दिवस झाले की गाल फुगतो, पू येतो, तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. असं दोनदा झालं. एक्स-रे काढला, आत तुकडाबिकडा काही राहिलेला नाही.

अठ्ठावीस तारखेला शहराच्या वाद्यवृंदाची परीक्षा आहे. तीन वर्षं हंगामी म्हणून वाजवतेय. यंदा कायम झाले नाही तर जागा दुसऱ्या कुणाला जाईल. मला फार भीती वाटतेय. आई काळजी करू नकोस म्हणते आणि दिवसातून दहादा माझा गाल बघते.

काकूंना नमस्कार. माया आहेच, पत्रही असू द्या.

तुमची,
ठकी

७ जून

चि. ठकीस,
अ. उ. आ.

अक्कलदाढा गेल्या, आता उरलेल्या अकलेवर भागव! मी पडलो नळ दुरुस्त करणारा, दातांतलं मला काय कळणार? पण तुझं पत्र आल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय. कुणाकडे गळती असली की ती कुठे दिसते यापेक्षा केव्हा सुरू होते, हे मी आधी विचारतो. गोळ्या संपल्या की सूज येते म्हणतेस. बरं, गोळ्या संपल्या की आणखी काय काय सुरू होतं? दिवसभर तोंडात जे जे जातं त्याची यादी धाड. काही गाळू नकोस.

काकू म्हणते, आता दवाखाना उघडा.

काका

११ जून

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

यादी घ्या. ब्रश, नवा. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. मऊ जेवण, तेही उजवीकडून. आणि क्लॅरिनेट. गोळ्या चालू असताना फुंकायला बंदी असते, संपल्या की रोज चार तास. हे लिहिताना माझ्याच लक्षात आलं.

बाबांच्या या वाद्याची तोंडी, म्हणजे ओठांत धरायचा तो काळा तुकडा, मी कधीच धुतलेली नाही. दोन वर्षांपूर्वी बाबांनी शेवटचं वाजवलं, तशीच आहे. बाहेरून पुसते, बस. आत त्यांचा श्वास आहे असं वाटतं. हसू नका. तेवढं सोडून काहीही सांगा, काका.

तुमची,
ठकी

१५ जून

चि. ठकीस,
अ. उ. आ.

हसलो नाही गं. 

अगं, माझा दादा दर रविवारी ती तोंडी साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा, मऊ फडक्याने पुसायचा. तू उशिरापर्यंत लोळायचीस, तुला कुठलं दिसणार! मला हात लावू द्यायचा नाही. म्हणायचा, आधी ते गटारातले हात धू. एकदा कांदा खाऊन मी ती फुंकली, तर दोन दिवस अबोला.

बॅटरी लावून आत बघ. जे दिसेल ते दादाचं नाही, तुझं आहे. त्याचं काही जपायचंच असेल तर त्याचा रविवार जप. आणि तोंडी घेऊन दंतवैद्यबाईंकडे जा, नळवाल्याच्या भरवशावर राहू नकोस.

तुझा,
काका

२९ जून

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

आत हिरवट-काळा थर होता. शी! दंतवैद्यबाई म्हणाल्या, सूज यानेच आली असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण उघड्या जखमेशी ही घाण नको. त्यांनी जखम धुतली, गोळ्या दिल्या आणि दहा दिवस फुंकायचं नाही म्हणाल्या. मी नुसती बोटं फिरवत बसले.

रविवारी तोंडी धुतली. खूप रडले. धुताना वरची, दात टेकायला बाबांनी चिकटवलेली रबरी पट्टी सुटून आली. तिच्याखाली बाबांच्या वरच्या दोन दातांच्या खुणा होत्या, चांगल्या खोल.

गोळ्या संपून पाच दिवस झाले, गाल अजून सपाट आहे. काल परीक्षेत पट्टी न लावता वाजवलं. माझे दात बरोबर त्या खुणांत बसले. मी कायम झाले, काका!

येत्या रविवारी तोंडी धुवायला तुम्ही या. आधी हात धुऊन.

तुमचीच,
ठकी