घर विकणे आहे, आहे तसं

सोमवार
आले एकदाची! किल्ली फिरवताना हसू आवरत नव्हतं. आत्याचं घर, आता माझं. बाबा गेल्यावर महिना उलटायच्या आत जिने आईला आणि मला बाहेर काढलं, तिनेच मरताना घर भाचीच्या नावावर करावं! शेवटी मन खात असेल तिला. खाऊ दे.

आणि भांडण कशावरून, तर खिळ्यावरून. आईने बाबांचा फोटो लावायला हॉलच्या भिंतीत खिळा ठोकला. आत्याने किंचाळून घर डोक्यावर घेतलं. ‘आहे तशी नीघ,’ म्हणाली. आई आहे तशी निघाली, चपलासुद्धा घालू दिल्या नाहीत. मी तिच्या कडेवर होते.

म्हणून आज पिशवी खाली ठेवायच्या आधी त्याच भिंतीत चांगला लांबलचक खिळा ठोकला आणि बाबांना टांगलं. फार बरं वाटलं.

मंगळवार
आत्याच्या नेहमीच्या गवंड्याला घर दाखवलं. मागचं दार फुगून अडकतंय, जिन्याची पायरी हलतेय, माडीवर वीज नाही. फार काम नाही म्हणाला, डागडुजी केली तर भाव चांगला येईल. तुमच्या आत्याबाईंना एवढासा पोपडा निघालेला खपायचा नाही, लगेच बोलावणं यायचं, हेही सांगितलं.

ते ऐकलं आणि माझं ठरलं. तिच्या घराला मी चुन्याचं बोटसुद्धा लावणार नाही. आहे तसं विकणार.

संध्याकाळी आईचा फोन आला. दुरुस्त करून टाक बाई, कुणीतरी सुखाने राहील, ती अढी आता सोड, म्हणाली. मी म्हटलं, तू सोड, मी धरून ठेवते. खांदा ठणकतोय. हातोडीची सवय राहिली नाही.

बुधवार
एजंटाने बिल्डर आणला. त्याला घर नकोच, जागा हवी. आहे तसं घेतो म्हणाला, नाहीतरी पाडायचंच आहे. मला एजंटाला मिठी मारावीशी वाटली.

खरेदीखत पुढच्या आठवड्यात होईल, पाडायचं त्यानंतर बघू म्हणाला. मीच गळ घातली की थांबता कशाला, शनिवारी सकाळीच यंत्र आणा. शुक्रवारी मी लॉजवर जाते आणि शनिवारी समोरच्या फुटपाथवर उभी राहून बघते. माणूस जरा चक्रावला, पण हो म्हणाला.

माडीवरून उतरताना ती पायरी मोडली. मला साधं खरचटलंही नाही. आत्याबाई, नेम चुकला.

गुरुवार
गुडघा टम्म सुजलाय. काल तर काहीच लागलं नव्हतं. खांद्यावर काळानिळा गोल डाग उठलाय, खिळ्याच्या डोक्याएवढा.

शेजारच्या शिंपीणकाकू भेटायला आल्या. आत्याच्या आजारपणात तिची आंघोळ, वेणीफणी त्याच करायच्या. डाग बघून त्यांनी हातातला कप खाली ठेवला. आत्याच्या खांद्यावर अगदी असाच जुना व्रण होता म्हणे. मोरी तुंबली की तिचा घसा बसायचा, कौल फुटलं की डोकं फुटायची वेळ यायची. सगळे तिची चेष्टा करायचे. मग काकूंनी नजर चुकवत सांगितलं. शेवटच्या दिवसांत आत्या हसत म्हणाली होती, घर खिळेवालीच्या पोरीला देतेय, ती काही दुरुस्त करायची नाही.

मन खात होतं म्हणे. मी मूर्ख.

शुक्रवार
खिळा उपटायला गेले. जरासा हलला आणि खांद्यातून रक्त आलं. तसाच ठेवला.

खरेदीखत होईपर्यंत घर माझंच. बिल्डरला एक फोन केला की यंत्र थांबेल. मग गवंडी बोलवा, रंग काढा, पोपडे मोजत बसा— जन्मभर, तिच्यासारखं. तिच्याच घराची चाकरी. फोन हातात घेतला. ठेवला. पुन्हा घेतला, पुन्हा ठेवला.

रागाने मागच्या दाराला लाथ मारली. आता ते अजिबात उघडत नाही. फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावून बॅग आणायला कशीबशी माडीवर चढले. गुडघ्याने जीवच सोडला. जबडा आखडल्यासारखा वाटतोय. इथेच पडते. सकाळी उतरून फोन करीन. करीन बहुतेक.

शनिवार
तोंड उघडत नाही. दात दातांवर बसलेत. त्या दारासारखे—

उभं राहता येत नाही. खाली फोन वाजतोय. आई असेल.

यंत्र आलं. माणसं घरात शिरली. मुकादम सांगतोय, बाई लॉजवर गेल्या, घर रिकामं आहे. बॅग आपटली, हात आपटले. घरघरीत कुणाला काय ऐकू—

कुणीतरी फोटो बघितला. कुणाचे तरी वडील असतील, नीट काढून ठेवा म्हणतोय. भला माणूस. आता खिळा—

रक्त. थांबत नाही.

हसतेयस ना आत्या? हस. पडतंय ते तुझंच. मी दुरुस्त केलं नाही, एक बोटभर चुना—

मागची भिंत— पाठ—

आई, मी पण आहे तशी