शेवटच्या पंगतीची गाडी

वरची वाडी, ता. रत्नागिरी
२ एप्रिल २००४

चि. तेजस्वीस काशीराममामाचे अ. आ.

फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तू हसतेस. तुझ्या आईला, चिमाला सांग, माझा गुडघा बरा आहे. डोकं मात्र ठिकाणावर नाही, आणि त्याला तुझी कंपनी कारण आहे.

आपल्या ट्रकबद्दल तुमच्या कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. सूनबाईने, दमयंतीने, वाचून अर्थ सांगितला. डिझेलच्या इंजिनाला सुरू होताना ऊब देणारा एक हीटर असतो म्हणे, आणि तो चालू-बंद करणारी रिले नावाची डबी. ती डबी कधी कधी अडकते. मग गाडी बंद करून चावी खिशात घातली तरी हीटर तापतच राहतो आणि आग लागू शकते. तरी गाडी घेऊन यावी, डबी फुकट बदलून देऊ. एवढं वाचून दमयंतीने पत्राची घडी करून देवामागे ठेवली, जसं काही कुणाच्या लग्नाचं आमंत्रण!

मी लगेच गुरूला घेऊन शहरातल्या वर्कशॉपला गेलो. तिथला मॅनेजर म्हणाला, आजोबा, हीटरची काळजी काश्मीरवाल्यांनी करायची, तुमच्याकडे घाम पुसायला पंचा पुरत नाही. डब्या आधी थंड मुलखात गेल्यात, कोकणाची पाळी पावसाळ्यानंतर. मी विचारलं, अडकणाऱ्या डबीला हवामान कळतं काय? तो हसला. त्याच्याबरोबर गुरूही हसला. माझा पोटचा पोरगा!

अगं, हे आंब्याचे दिवस. गाडीत हापूसच्या पेट्या, पेट्यांत भाताचा पेंढा. वाशीच्या बाजारात माल उतरेपर्यंत गुरू केबिनमध्येच आडवा होतो, त्याच्या पाठीखाली इंजिन. आणि त्या केबिनमध्ये हल्ली मला करपल्याचा वास येतो. गुरू म्हणतो, उदबत्तीचा. रोज गाडी काढताना तो गणपतीच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावतो हे खरं, पण चंदन कुठलं आणि जळकं रबर कुठलं हे ओळखायला शाळा लागत नाही.

तू त्याच कचेरीत बसतेस. काहीतरी कर.

रागावलो आहे, पण लोभ शाबूत आहे. तूही ठेव.
काशीराम

---

पुणे
८ एप्रिल २००४

ती. मामांस तेजस्वीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, दादाला काळजी करायला काही मिळालं नाही तर त्याला जेवण जात नाही. आठवतं ना, घरी गॅस आला तेव्हा तुम्ही सिलिंडर माडाखाली ठेवायला लावला होता आणि दमयंतीवहिनीला स्वयंपाक करू न देता घरापुढच्या खळ्यात चूल मांडली होती? गॅसवाला पोऱ्या तुम्हाला अजून दबकून नमस्कार करतो म्हणे.

मामा, लाखांत एखादी डबी अडकते. थंडीत हीटर जास्त चालतो, म्हणून आधी तिकडच्या गाड्या. गुरूदादाचं नाक चांगलं आहे, त्याच्यावर विश्वास ठेवा.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवत नाही. कोकणच्या गाड्यांची यादी मीच करते. आपली गाडी त्यात सगळ्यात खाली मीच घातली. वर घातली असती तर कचेरीत लगेच म्हणाले असते, बघा, मामाची सोय केली. कार्यात घरच्यांनी शेवटच्या पंगतीला बसायचं, हे लहानपणी मला हाताला धरून उठवून तुम्हीच शिकवलंत. मला वाटलं, तुम्ही खूश व्हाल.

आंब्याची पेटी पाठवलीत तर राग गेला असं समजेन. तुमची माया आहे तशीच राहू द्या.
तेजस्वी

---

वरची वाडी
१३ एप्रिल २००४

चि. तेजस्वीस अ. आ.

खूश झालो. इतका खूश झालो की सकाळचा चहा तसाच निवला.

पोरी, पंगत जेवणाची असते! शेवटच्या पंगतीला वरण संपलं तर माणूस ताक-भातावर उठतो. इथे काय संपणार आहे ते कळतं का तुला? घर पेटलं तर तू आधी शेजाऱ्याची पोरं काढशील आणि गुरूला म्हणशील, थांब रे, आपण घरचे? कचेरीतले लोक नाव ठेवतील याची तुला भीती वाटते. वाटू दे. मला दुसऱ्या गोष्टीची वाटते.

सिलिंडरची गोष्ट वाचून इथेही सगळे हसले. एकदा माणूस उगाच घाबरला की जन्मभर त्याला वास घ्यायचा हक्क उरत नाही, असा कायदा झालेला दिसतो.

आता मी काय केलं ते ऐक. गाडी खळ्यातून काढायला लावली. ती आता घरापासून आणि पेंढ्याच्या उडवीपासून लांब, उघड्या कातळावर उभी असते. दुसरं, केबिनमध्ये उदबत्ती बंद. गुरूला सांगितलं, देवाला हात जोड, फूल वाहा, पण डबी बदलेपर्यंत काडी ओढायची नाही. उदबत्ती नसताना वास आला तर कुणाचा ते कळेल. तो म्हणाला, आप्पा, भरलेली गाडी घेऊन घाट चढायचा आणि देवाला साधी उदबत्ती नाही? दमयंती तर माझ्याशी बोलतच नाही. ताट ठेवते आणि जाते. मीही देवाला मानणारा माणूस आहे. माझ्या जिवाचं काय होत असेल?

पेटी पाठवणार नाही.
चिमाला नमस्कार. लोभ आहे, पण तो आज मागू नकोस.
काशीराम

---

सावर्डे
१७ एप्रिल २००४

चि. तेजूस गुरूदादाचे अ. आ.

सावर्ड्याच्या चहाच्या टपरीवर बसून लिहितो आहे. मी सुखरूप आहे, हे आधी वाच.

भरलेली गाडी घेऊन निघालो होतो. घरून उदबत्तीशिवाय निघालो त्याची रुखरुख होती. मनात म्हटलं, आप्पांच्या डोळ्यांआड लावू, देव काय घरी सांगायला जाणार आहे? सीटखाली नवा पुडा लपवलाच होता. इथे गाडी बंद केली, चावी खिशात घातली, चहा घेतला आणि टपरीवाल्याकडून काडेपेटी मागून घेतली. केबिनचं दार उघडून डोकं आत घातलं. काडी हातात होती, ओढली नव्हती.

आत धूर भरला होता. तेजू, तोच वास. महिनाभर मी त्याला चंदन म्हणत होतो.

सीट उचलली तर खालची गोणी करपलेली आणि वायरी मेणासारख्या ओघळलेल्या. बॅटरीची वायर ओढून काढली तेव्हा कुठे तापणं थांबलं. मागून वाडीतल्या रामाची गाडी आली, तिच्यात जागा होती, पेट्या तिच्यात घातल्या. माझी गाडी आता दोरीने ओढून घरी नेईन.

आप्पांना फक्त वास आला एवढंच सांगणार आहे. गोणीचं आणि काडेपेटीचं तूही बोलू नकोस. चहा घेऊन मी केबिनमध्येच आडवा होणार होतो, हेही नको.

तुझ्या यादीचं बघ. आत्याला नमस्कार.
गुरुप्रसाद

---

वरची वाडी
२ मे २००४

चि. तेजस्वीस अ. आ.

तुझं रडकं पत्र आणि डबी एकाच दिवशी पोचली. ज्या मॅनेजरला काश्मीर आठवलं होतं तोच स्वतः मिस्त्री घेऊन कातळावर आला. डबी बदलली, वायरी बदलल्या. मग एक कागद पुढे केला, त्यावर ग्राहक समाधानी असं छापलेलं. मी म्हटलं, समाधानी कुठे आहे? आधी पुढे ‘नाही’ हा शब्द घाल, मग सही करतो. शेवटी त्याने ‘नाही’ हा शब्द घातला. सही केली.

गुरू सांगतो, थोडा वास आला, विशेष काही नाही. पण गाडी ओढत आणली त्या दिवशी तो हातपाय धुवायला गेला तेव्हा मी सीट उचलून बघितली होती. गोणी बघितली. तिच्याशेजारी उदबत्तीचा पुडा, कडेने काळा पडलेला, आणि अख्खी काडेपेटी. गुरू विडी ओढत नाही. सगळं होतं तसं ठेवून सीट खाली केली. त्याला बोललो नाही, बोलणारही नाही. तूही कळू देऊ नकोस.

माझा राग मात्र संपलेला नाही, उलट वाढलाय. आमची गाडी करपली म्हणून आमचा नंबर पहिला लागला. मग रामाचं काय? ज्याच्या गाडीने आमच्या पेट्या पोचवल्या त्याची गाडी त्याच कंपनीची, आणि तो त्याच यादीत अजून पाळीची वाट बघतो आहे. तिची आधी राख व्हायला हवी का? म्हणून साहेबाला सांग की मामा भांडतो आहे, आणि यादीच फाडून टाक. कोकणातल्या सगळ्यांना एकाच पंगतीला बसव. तोवर रामाच्या केबिनमधली उदबत्ती मी बंद केली आहे. तोही आता माझ्याशी बोलत नाही.

हे लिहिताना गुरू गाडी काढतो आहे. दार उघडून त्याने आधी डोकं आत घातलं आणि दोनदा वास घेतला. मग काडी ओढली.

पेटी रामाबरोबर पाठवली आहे. चिमाला अर्धी दे. लोभ होता तिथेच आहे, येऊन घेऊन जा.
काशीराम