डाव्या चाकाचा नट

मंगळवार, वाघोली

सकाळपासून गॅरेजात आलेल्या एका नव्या ट्रकच्या मागच्या डाव्या चाकाच्या हबचा नट निघेना. डिझेल ओतलं, गॅसनं तापवला, पान्याला पाइप लावून लोंबकळलो. तीस वर्षं डावीकडचे आटे उलटेच, म्हणून उलटाच फिरवत होतो. संध्याकाळी ड्रायव्हर शिंदे हळूच म्हणाले, "उस्ताद, या मॉडेलला दोन्हीकडे सुलटेच आटे आहेत."

म्हणजे दिवसभर मी नट आवळत होतो!

"मग सकाळीच का नाही बोललात?" त्यांच्यावरच ओरडलो. का ओरडलो?

त्यांनी नुसतं भिंतीकडे बोट दाखवलं. माझीच पाटी, माझंच अक्षर: 'मेकॅनिकला शिकवू नये. येत असल्यास स्वतः करावे.'

मग पाना घेऊन त्यांनी स्वतःच केलं. मी पाइप धरून उभा.