चुकून वाचलं

८ जून, सोमवार, दुपार

प्रिय ताईस,

साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे खुशाल आहोत. तूही असशील, आणि माझ्यावरचा रागही तब्येतीने ठणठणीत असेल असं धरून चालते.

इकडे धाकट्या ढब्बूचा पुढचा दात पडला. तो त्याने दिवसभर खिशात घालून मिरवला आणि संध्याकाळी चड्डीसकट धुवायला टाकला. ह्यांच्याकडे दुरुस्तीला शिलाई मशिनं एवढी आलीत की बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. जेवायला हाक मारावी तर "एवढं तेल घालून आलोच" म्हणतात, आणि ते तेल काही संपत नाही. त्याच खोलीला मी रंग दिला. माणूस लावला नाही, स्वतः दिला, आणि अजून मान वळत नाही.

तू म्हणशील, हिचं पाल्हाळ पुरे, भिंगरीचं काय ते सांग. सांगते.

गेल्या वर्षीच्या भांडणात मी बोलून गेले होते, "आठव्या वाढदिवसापर्यंत भिंगरी वाचायला लागली नाही, तर तुझ्याकडे पाठवीन, घाल तुझ्या शाळेत." रागाच्या भरातलं बोलणं ते, पण तू पडलीस मुख्याध्यापिका, शब्द धरून ठेवलास. वर म्हणालीस, "शाळेत घालायचं नाही, मूल विचारेल तेव्हाच शिकवायचं म्हणे! विचारेपर्यंत पोरगी म्हातारी होईल." मी फोन आपटला. त्यानंतर आपण बोललो नाही.

वाढदिवस पुढच्या गुरुवारी आहे.

तुला कळू दिलं नाही, पण मी केव्हाच कच खाल्ली होती. भिंगरीला मशीन उघडता येतं, कापड मापता येतं, आणि प्रश्न तर इतके की उत्तरं देता देता माझ्या नाकी नऊ येतात. पण अक्षराचं नाव काढायची नाही. शेजारची तिच्याहून धाकटी पोर दुकानांच्या पाट्या घडाघडा वाचायची, ते ऐकून मी आत निघून जायचे. मागच्या आठवड्यात मी गुपचूप दप्तर आणलं आणि कपाटात साड्यांमागे लपवलं. ह्यांनाही सांगितलं नाही. पोर लांब जाणार म्हणून त्या कपाटासमोर बसून रडले. तुझ्याकडे ती सुखात राहील हे ठाऊक होतं, तरी रडले.

आणि काल हे झालं.

रंगासाठी ह्यांचे सुट्या भागांचे डबे फळीवरून उतरवले होते, ते मी हाताला आले तसे परत लावले. भिंगरी ह्यांची मदतनीस, मागतील तो डबा काढून देते. डब्यांच्या जागा तिला पाठ असतील, असंच आम्ही समजत होतो. काल ह्यांनी मशिनात डोकं घालून सांगितलं, "भिंगरे, जाड सुया दे गं." तिने फळीवरून नजर फिरवली आणि कोपऱ्यातला डबा उचलला. जाड सुयाच. मग पट्टा मागितला, तोही बरोबर. डबे सगळे सारखे, फरक फक्त वर चिकटवलेल्या नावांचा. मी दारातच थबकले.

"तुला गं कसा कळला डबा?"

साखर चोरताना पकडावं तसं तिचं तोंड झालं.

"चुकून वाचलं," ती म्हणाली. "पुन्हा नाही वाचणार."

मला आधी काही उमजेना. मग हळूहळू एकेक बाहेर आलं. पोरीवर अक्षरं लादायची नाहीत म्हणून आम्ही पुस्तकं उंच फळीवर ठेवली होती. ती जवळ आली की मी हातातलं पुस्तक मिटायचे, तिला दडपण नको म्हणून. ती विचारेल म्हणून आम्ही वाट बघत बसलो, आणि तिने सरळ अर्थ लावला की सुरी, शेगडी आणि पुस्तक यांना लहान मुलांनी हात लावायचा नाही. बाबा डबा काढताना त्याचं नाव पुटपुटतात, त्यावरून चोरून शिकली. ढब्बूलाही शिकवतेय, "आईला सांगितलंस तर बघ" अशी तंबी देऊन.

हे हसून हसून मशिनावर आडवे झाले. मीही हसले आणि हसता हसता रडले. दप्तराचंही सांगून टाकलं. अति तिथे माती म्हणतात, ती आम्ही चांगली टोपलीभर खाल्ली. पण ताई, किती हलकं वाटलं म्हणून सांगू! पुस्तकं खाली आली आणि दोघं पोरं संध्याकाळभर जमिनीवर पालथी पडून होती.

आता न्यायला येऊ नकोस, असं तोऱ्यात लिहून पत्र इथेच संपवणार होते. पण आज सकाळी भिंगरीने विचारलं, "मावशीच्या शाळेत मुलांनी वाचलेलं चालतं?"

"चालतं म्हणजे? वाचायलाच लावतात."

"मग मी बघून येऊ?"

मूल नेईल तिकडे जायचं, हे आमचंच म्हणणं. आता ती तुझ्या दाराकडे निघाली, तर नाही कुठल्या तोंडाने म्हणू? आणि खरं सांगते, म्हणावंसंही वाटत नाही. राहावंसं वाटलं तर राहील, नाहीतर परत येईल.

तेव्हा गुरुवारी ये. फक्त एक कर. ती वाचत असताना तू समोर आलीस, तर ती पुस्तक पाठीमागे लपवेल. रागावू नकोस, शाबासकीही देऊ नकोस. नुसतं "वाच, बाळा" म्हण. आठ वर्षांत मी हे एकदाही म्हटलं नव्हतं. काल पहिल्यांदा म्हटलं.

तुझी,
कितीतरी दिवसांनी गाढ झोपलेली
धाकटी