पदरचा काना

तीर्थरूप थोरल्या वन्संना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार (पाठीत उसण भरली आहे, तेव्हा सध्या निम्माच वाकून, उरलेला भेटीअंती).

तुमचं पत्र मंगळवारी पोचलं. गुडघा बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. गुडघ्याच्या डॉक्टरांना तुम्ही दुसरा व्यवसाय धरण्याचा सल्ला दिलात हे वाचून त्यांच्याबद्दल मात्र जरा वाईट वाटलं. आम्ही सगळी खुशाल आहोत. तुमचे बंधू बरे आहेत. मागच्या आठवड्यात ते दोन वाक्यं बोलले. लेकीची परीक्षा संपली. पत्रासोबतचं 'चाळिशीनंतरही झेप घेता येते' हे कात्रण मिळालं. आधीच्या अकरांबरोबर ते जपून ठेवलं आहे, आणि तुम्हाला कळवायला आनंद वाटतो की मी झेप घेतली आहे. म्हणजे घेतली असं नाही, माझ्याखालची जमीनच जरा सरकली. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही मुख्याध्यापिका होतात आणि अर्धवट उत्तराला तुम्ही कधी गुण दिले नाहीत.

दारांच्या बिजागऱ्या करणाऱ्या कंपनीत मी एकोणीस वर्षं प्रेषण विभागात आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. (विभाग म्हणजे मी, एक टेबल, एक वजनकाटा, डिंकाची बाटली आणि जिन्याखालची जागा. तुम्ही एकदा आला होतात आणि वाकायला विसरला होतात, तीच.) कंपनीतून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र आणि नमुन्याच्या बिजागरीचं प्रत्येक पाकीट मी बंद करते. नोकरी लागली तेव्हा माझ्या मामाने सांगितलं होतं, चिकटून राहा. मी ते इतकं मनावर घेतलं की अजूनही संध्याकाळी भाजी चिरून झाली की सुरी हातातून सुटत नाही.

दोन महिन्यांपूर्वी कंपनीने सगळ्या पाट्या नव्याने रंगवून घेतल्या. पाट्यांची यादी हेडक्लार्कनी हाताने लिहिली. हेडक्लार्कांचं अक्षर म्हणजे शाईत पडलेला मुंगळा घाईघाईने घरी गेल्यासारखं. त्यांचा 'ष' कधी 'र' दिसतो, कधी नुसताच डाग. सोमवारी येऊन बघते तर माझ्या डोक्यावर निळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत 'प्रेरणा विभाग'. मी पेंटरला जिन्यात गाठलं. तो शांतपणे म्हणाला, "बाई, यादीत 'प्रेरण' होतं. शब्द उघडा वाटला, म्हणून काना मी पदरचा घातला." आता अशा माणसाशी भांडायचं कसं? आमच्या कंपनीत आजवर कोणी पदरची टाचणीसुद्धा घातलेली नाही.

पाटी दुरुस्त व्हावी म्हणून मी अर्ज लिहिला. हेडक्लार्क म्हणाले, असा अर्ज प्रेषण विभागाकडून यायला हवा. मी म्हटलं, प्रेषण विभाग मीच की. ते माझ्याबरोबर जिना उतरून खाली आले, पाटी दोनदा वाचली आणि मायेने म्हणाले, "तुम्ही तर प्रेरणा आहात, बाई. प्रेषणाचं कोणी भेटलं तर त्यांना वर पाठवा."

त्याच दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या टायपिस्टबाई आल्या, समोरच्या पोत्यावर बसल्या आणि रडू लागल्या. (रुमाल नव्हता, म्हणून मी टीपकागद दिला. चांगला उपयोगी पडला.) म्हणाल्या, बारा वर्षं टाइप करतेय, आता सकाळी उठावंसंच वाटत नाही, तुमची पाटी पाहिली आणि आले. वन्सं, माझ्याकडे द्यायला काय होतं? टेबलाशी कोणी आलं की मी जे चार प्रश्न विचारते तेच सवयीने तोंडातून निघून गेले. कुठे जायचंय? पत्ता पुरा आहे का? वजन किती? आत फुटण्यासारखं काही आहे का? शेवटच्या प्रश्नाला त्या हमसून हमसून रडल्या. मग डोळे टिपून म्हणाल्या, चौथ्या मजल्यावर जायचंय, बिजागऱ्यांचे आराखडे काढतात तिथे; मला लहानपणापासून सरळ रेघ मारायला आवडते; पण पत्ता पुरा नाही, कारण कधी कोणाला विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्या चौथ्या मजल्यावर रेघा मारत होत्या.

झालं. ही बातमी लिफ्टपेक्षा लवकर वर गेली. पाठोपाठ खुद्द लिफ्टमन आला. म्हणाला, "पंचवीस वर्षं वर जातोय, बाई, आणि दर वेळी खालीच येतोय." त्याला एके जागी थांबायचं होतं. त्याच्यामागे उभ्या असलेल्या वॉचमनला आयुष्यभर एके जागी थांबून वीट आला होता. मी दोघांना एकमेकांच्या टोप्या घालायला सांगितल्या. (वॉचमन आता लिफ्ट चालवतो आणि आत शिरणाऱ्या प्रत्येकाची झडती घेतो. सवय.) तक्रार विभागातल्या बाईंना शांतता हवी होती, त्या गोदामात गेल्या, त्यांच्या जागी बडबड्या विक्रेता आला, आणि तो इतकं बोलतो की तक्रार करणारा तक्रार विसरून त्याचीच चौकशी करतो. महिन्याभरात आमच्याकडे आपल्या जागेवर कोणी उरलं नाही. हेडक्लार्क कँटीनमध्ये कपबशा विसळतात आणि शीळ घालतात. कपांवर अक्षर काढायचं नसतं, त्यामुळे सगळ्यांचीच सोय झाली.

या गडबडीत एक बारीकशी गोष्ट राहून गेली. टपाल. लोकांना मार्गी लावता लावता पाकिटं मार्गी लावायला मला वेळच होईना. ढीग टेबलाखालून निघाला, पोत्यांत शिरला, पोत्यांतून जिन्यावर चढला. एका मोठ्या इमारतीला आमच्या बिजागऱ्या जायच्या होत्या, त्या आठव्या पायरीवर पडून. तिथले लोक म्हणे सकाळी दार उचलून भिंतीला टेकवतात, बाहेर पडतात आणि शेजाऱ्याला म्हणतात, जरा परत लावून घ्या. तिथले एक आजोबा तर पाहुणे जाईपर्यंत दार मांडीवर घेऊन बसतात, पुन्हा उचलायचा कंटाळा म्हणून.

शेवटी मोठे साहेब खाली आले. आता नोकरी गेली, असं मी धरून चालले. पण ते वाकून आत शिरले, पोत्यावर बसले आणि हळूच म्हणाले, "मलाही विचारा ना." मी विचारलं, कुठे जायचंय. त्यांनी छताकडे पाहिलं. छत म्हणजे जिनाच, त्यावरून लोक जात होते. मग म्हणाले, माहीत नाही. माझी जीभ सवयीची गुलाम. मी म्हणून गेले, "पत्ता अपूर्ण. पाठवणाऱ्याकडे परत." साहेब ताडकन उठले आणि तडक आपल्या आईकडे गेले. आठ दिवस राहिले. आईने त्यांना सांगितलं की तुझं चाललंय ते बरं चाललंय, केस तेवढे काप. साहेब केस कापून, तजेला येऊन परतले आणि त्यांनी मला बढती दिली.

अशी ही झेप. सगळ्या शाखांची प्रेरणाप्रमुख. तिसऱ्या मजल्यावर खोली, खिडकी, फिरती खुर्ची. प्रेषणाचं टेबल कायमचं मोडायचं आणि टपाल बाहेरच्या लोकांकडे सोपवायचं. होकार किंवा नकार शनिवारी बाराच्या आत लेखी द्यायचा. नकार दिला तर काय, हेही मी विचारलं. म्हणाले, नकार कोण देतं?

घरी विचारलं. लेक म्हणाली, "घे की, आई. खुर्ची फिरती आहे ना? नाही पटलं तर फिरून ये." तुमच्या बंधूंनी वर्तमानपत्र खाली केलं, "बिजागरी दारातच बरी" असं म्हणाले आणि पान उलटलं. या आठवड्याचं एक वाक्य त्यांनी यावर खर्च केलं, म्हणजे त्यांनी बराच विचार केला असणार.

मग ओट्याशी उभी राहून मी ते चार प्रश्न मलाच विचारले. पहिल्याचं उत्तर इतक्या पटकन आलं की मी घाबरले. कुठे जायचंय? कुठेच नाही. वन्सं, बारा कात्रणं मी पुन्हा वाचली. माणसाला कुठेच जायचं नसतं तेव्हा त्याने काय करावं हे एकातही नाही. मला डिंक लावलेलं पाकीट तळहाताने दाबायला आवडतं. शिक्क्याचा आवाज आवडतो. मी बंद केलेलं कुठेतरी लांब, मला न ओळखणारं कोणीतरी उघडतं, एवढ्यावर माझी इतकी वर्षं मजेत गेली हे मला त्या दिवशी ओट्याशी कळलं. पण हे काही कारण नव्हे. सेहेचाळिसाव्या वर्षी जिन्याखाली सुखी असणं लोकांना सांगण्यासारखं नाही. तुम्ही म्हणता तशी संधी दारात उभी आहे. तेव्हा मी होकार लिहून ठेवला आहे, शनिवारी देईन. तुम्हाला अभिमान वाटेल.

मोठ्यांना आदर, लहानांना लाड, आणि डॉक्टरांना धीर द्यावा.

तुमची (लवकरच फिरत्या खुर्चीतली)
भावजय

ता. क. वरचं गुरुवारी लिहिलं होतं. आज शनिवार. होकार घेऊन सकाळी वर गेले, तर साहेब म्हणाले, पाकिटात घालून रीतसर द्या. म्हणून खाली आले. पाकीट घ्यायचं म्हणून एक पोतं बाजूला केलं. त्याचं तोंड सुटलंच आहे तर त्यातली पत्रं तेवढी मार्गी लावावीत, असं वाटलं. मग दुसरं पोतं. मग आठवी पायरी. सगळा जिना रिकामा झाला तेव्हा साडेतीन वाजले होते आणि पाठीत उसण आहे हे मी पार विसरले होते. होकार तसाच हातात. साहेब रागाने खाली आले, रिकामा जिना बघून पायरीवरच बसले. मी होकार फाडला आणि म्हटलं, मला इथेच राहू द्या. ते म्हणाले, राहा. मग म्हणाले, "पण आता प्रेरणेला कोण?"

पुन्हा ता. क. मी तुमचं नाव सांगितलं. रागावू नका. सेवानिवृत्तीनंतरची तुमची सगळी पत्रं मी काल काढून वाचली. कात्रणं लोकांची, सल्ले सगळ्यांसाठी. गेल्या पत्रात मात्र अगदी तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतंत, 'दिवस फार मोठा वाटतो.' तुमचं स्वतःचं असं तेवढंच एक वाक्य मला सापडलं. इथे तीनशे माणसं आहेत, वन्सं, आणि एकालाही अजून तुमचा सल्ला मिळालेला नाही. लेकीने तिची खोली आवरायला घेतली आहे. तुमचे बंधू "हं" म्हणाले, ते मी वाक्यात धरते.

शेवटची ता. क. नियुक्तीचं पत्र याच पाकिटात घालते आहे. नकार द्यायचा असेल तर साहेबांना लेखी कळवायचा आहे. पण आमच्याकडे येणारं टपाल आधी माझ्याच टेबलावर उतरतं. आजवर माझ्या हातून एकही पत्र गहाळ झालेलं नाही. पहिलं गहाळ करताना मला फार जड जाईल, पण करीन.